दारातल्या ओल्या चपला: थ्रिलरची पहिली दोन मिनिटं कॅमेऱ्यानं कशी बांधायची

पावसाळ्यातली रात्र, पावणेबारा वाजलेले. दुसरी पाळी संपवून एक नर्स घरी येते. बाहेरचं कुलूप काढते, कडी सरकवते, दिवा लावते. छत्री कोपऱ्यात उभी करते, चपला काढून रॅकवर ठेवते आणि पाय पुसून आत निघून जाते. कॅमेरा तिच्यामागे जात नाही. तो दारापाशीच, जमिनीलगत थांबतो. रॅकशेजारी फरशीवर पुरुषाच्या चपलांचा एक जोड नीट लावून ठेवलाय. त्याच्याभोवती पाणी साचलंय.

दाराला बाहेरून कुलूप होतं. चपला ओल्या आहेत, म्हणजे माणूस नुकताच आलाय. आणि चोर काही दारात चपला काढून ठेवत नाही. ज्याला ते घर आपलं वाटतं, तो काढतो.

एवढं कळलं की पुढे ती बाई नुसता चहा टाकत असली तरी बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. किंकाळी नाही, रक्त नाही, धावपळ नाही. कॅमेरा मागे थांबला, बस. अशी सुरुवात कागदापासून शूटच्या रात्रीपर्यंत कशी बांधायची ते इथे सांगतो. शॉर्ट फिल्म करणारे, वेब सीरिजसाठी धडपडणारे, मोबाइलवर शूट करणारे, सगळ्यांना हे करता येईल. उदाहरणाला हाच प्रसंग शेवटपर्यंत धरू.

आधी हिशोब मांडा

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी एका कागदावर तीन रकाने पाडा. पात्राला काय माहीत आहे? प्रेक्षकाला काय माहीत आहे? कॅमेऱ्याला काय माहीत आहे? तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच घोटाळा होतो. कॅमेरा एखाद्या ठिकाणी काही घडण्याआधीच जाऊन थांबला, तर त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे असं प्रेक्षकाला जाणवतं. पात्र निघून गेल्यावरही तो मागे रेंगाळला, तरी तेच. पात्र वळल्यावर मग तो वळला, तर त्याला पात्राइतकंच माहीत आहे. या तीन रकान्यांमधल्या फरकातून ताण तयार होतो. लेन्स, ट्रॉली (कॅमेरा सरकवायची चाकांची गाडी), ड्रोन हे सगळं त्यानंतरचं.

थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण दिलंय: माणसं टेबलाशी साध्या गप्पा मारतायत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तो ठेवलेला आधी दाखवला, तर त्याच साध्या गप्पांमधून पंधरा मिनिटांचा ताण मिळतो. सिनेमा शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे पाठ असतं. पण ते कॅमेऱ्यानं कसं करायचं हे शिकायचं असेल तर दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) ची सुरुवात वहीपेन घेऊन बघा.

पहिल्याच चौकटीत (फ्रेममध्ये) दोन हात बॉम्बचा टायमर लावतात. माणूस पळत जाऊन तो एका उघड्या टपाच्या गाडीच्या डिकीत ठेवतो. गाडीचा मालक आणि त्याच्यासोबतची तरुणी येतात आणि गाडी सुरू करून निघतात. क्रेनवरचा कॅमेरा वर उचलला जातो, इमारतीवरून पलीकडच्या रस्त्यावर येतो आणि गाडीच्या पुढे पुढे राहून मागे सरकू लागतो. तेवढ्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं चालत चौकटीत शिरतं. पुढे गाडी कधी त्यांच्या मागे, कधी अगदी शेजारी, कधी दिसेनाशी. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या चौकीत गाडी आणि जोडपं एकत्रच थांबतात, पहारेकऱ्यांशी बोलणं होतं. गाडीतली तरुणी तक्रार करते की तिच्या डोक्यात टिकटिक वाजतंय, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी पुढे निघून जाते. स्फोट ऐकू येतो तेव्हा पडद्यावर जोडपं असतं. पेटलेली गाडी त्यानंतरच्या कटला दिसते. तोवर सुमारे ३ मिनिटं २० सेकंद एकही कट झालेला नसतो.

या शॉटबद्दल बोलताना सगळे क्रेनचं कौतुक करतात. क्रेन सुंदर चालवलीय यात वादच नाही. छायालेखक रसेल मेटी आणि त्यांच्या माणसांनी ते अफाट काम केलंय. पण मला त्यातल्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे, टायमर लावताना दाखवला आणि त्यानंतर कट केला नाही, त्यामुळे बॉम्बचं घड्याळ आणि प्रेक्षकाचं घड्याळ एक झालं. कट आला की दिग्दर्शक वेळ ताणू किंवा आखडू शकतो हे प्रेक्षकाला न शिकवताही कळतं. इथे ती सुटका नाही. दुसरी गोष्ट, गाडी सतत दाखवलेली नाही. ती चौकटीबाहेर गेली की कुठे गेली असेल म्हणून आपण अस्वस्थ, आणि परत जोडप्याजवळ आली की जास्त अस्वस्थ. दोन्ही बाजूंनी आपणच अडकतो. क्रेन नसेल तर नसो. या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही.

आता आपला हिशोब. नर्सला काही माहीत नाही. चपलांवर कॅमेरा थांबला की प्रेक्षकाला कळतं की घरात कोणीतरी आहे. कॅमेऱ्याला ते आधीपासून माहीत होतं, म्हणून तर तो ती यायच्या आधीच आतून दाराकडे बघत बसला होता. हे कागदावर लिहा. प्रत्येक शॉट ठरवताना कागदाकडे बघायचं: या शॉटनंतर कुठल्या रकान्यात काय बदललं? काहीच बदललं नसेल तर तो शॉट कितीही देखणा असो, काढून टाका.

सुगावा एकदाच दाखवा, पण पुरेसा वेळ दाखवा. माझी मोजायची पद्धत अशी: जे कळायला हवं त्याचं साधं वाक्य करायचं, ‘घरात अजून कोणाच्या तरी चपला आहेत’, आणि ते मनात सावकाश दोनदा म्हणायचं. तेवढा वेळ शॉट टिकला पाहिजे. माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्ममध्ये असाच एक सुगावा मी क्लोजअपमध्ये जेमतेम सेकंदभर टाकला होता. एडिटिंगच्या टेबलावर शंभर वेळा पाहिल्यामुळे मला तो ठसठशीत वाटत होता. दाखवायला बसवलेल्या नऊ जणांपैकी कोणालाच तो दिसला नाही, आणि पुढची चार मिनिटं त्यांनी एक मुलगी घर आवरताना पाहिली.

जागेची ओळख करून द्या

दारापासून स्वयंपाकघर किती लांब आहे, मध्ये काय आहे, बाहेर पडायची वाट कुठली, हे प्रेक्षकाला कळलं नसेल तर त्याला भीती वाटणार नाही, गोंधळल्यासारखं होईल. म्हणून रेकीला, म्हणजे शूटची जागा आधी बघायला जाताना चौकोन आखलेली वही घेऊन जा आणि घराचा नकाशा काढा. दार, पॅसेज, बेडरूमचं दार, मोरी, स्वयंपाकघर, गॅलरी, सगळं मांडा. पॅसेजची लांबी टेपनं मोजा. कुठला दिवा कुठल्या बटणावर आहे तेही लिहून ठेवा, रात्री फार उपयोगी पडतं.

मग असा एक शॉट शोधा ज्यात दार आणि पॅसेजचं तोंड एकत्र दिसेल. तो पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला हवा. त्यानंतर नकाशावर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक रेघ ओढा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. नर्स पडद्यावर डावीकडून उजवीकडे आत गेली असेल, तर स्वयंपाकघरातही दार तिच्या डावीकडेच राहिलं पाहिजे. तसं झालं की ती ओट्याशी उभी असताना नुसती डावी बाजू रिकामी सोडली तरी प्रेक्षकाचं लक्ष दाराकडे जातं.

कॅमेऱ्याची उंची

उभ्या माणसाच्या नजरेची उंची साधारण पाच फूट. बहुतेक जण ट्रायपॉड उघडून तिथेच लावतात, कारण बघायला सोयीचं पडतं. उंची ठरवताना एकच विचारा: तिथून कोण बघतंय?

‘जॉज’ (१९७५) च्या सुरुवातीला समुद्रात पोहणारी मुलगी आपल्याला खालून, पाण्याच्या आतून दिसते. वर उजेड, त्यावर तिच्या हातापायांची काळी आकृती. शार्क दिसत नाही, पण त्या उंचीवरून कोण बघत असेल हे सांगावं लागत नाही. हल्ला झाल्यावर कॅमेरा पाण्याच्या पातळीवर येतो आणि आपण तिच्याबरोबर पाण्यात असतो. उंची बदलली, बाजू बदलली.

आपल्या दारातल्या शॉटला कॅमेरा जमिनीपासून सहा-सात इंचांवर ठेवा. मिनी ट्रायपॉड नसेल तर तांदळाच्या अर्ध्या भरलेल्या पिशवीवर मोबाइल किंवा कॅमेरा छान बसतो, हलत नाही. या उंचीवरून नर्सचा चेहरा दिसत नाही, पाय आणि साडीचा काठ दिसतो आणि चपला मोठ्या दिसतात. ती निघून गेल्यावर चौकटीत बघण्यासारखं दुसरं काही उरतच नाही. क्लोजअप न घेता लक्ष चपलांकडे जातं, आणि प्रेक्षकाला वाटतं की त्या त्यानं स्वतः शोधल्या. दाखवलेल्या गोष्टीपेक्षा स्वतः शोधलेली गोष्ट जास्त काळ छळते.

लेन्स

लेन्सच्या आकड्यांचा बाऊ करू नका. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशोबानं सांगतो. आकडा लहान तितकं चित्रात जास्त मावतं. २४ मिमी लेन्स घेऊन जवळ गेलात की जवळची वस्तू मोठी आणि मागची भिंत लांब पळाल्यासारखी दिसते. दहा फुटांचा पॅसेज वीस फुटांचा वाटतो. ८५ मिमी लावून लांबून शूट केलंत की मागचं पुढे खेचल्यासारखं दिसतं, मागून येणारा माणूस खांद्याशी आल्यासारखा वाटतो. खरं तर हा फरक तुम्ही किती अंतरावर उभे आहात यामुळे पडतो. म्हणून आधी अंतर ठरवा, मग त्याला शोभेल ती लेन्स.

दारासाठी २४, स्वयंपाकघरासाठी ५०. आपल्याकडच्या वन बीएचकेमध्ये ८५ लावायला मागे जागाच नसते. हवीच असेल तर दाराबाहेर जिन्यात ट्रायपॉड लावून आत बघा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो. त्यावर डिजिटल झूम करू नका, चित्र फाटतं. चालत जवळ जा.

लांब पल्ल्याच्या लेन्सची धार मराठी माणसानं फार पूर्वी ओळखली होती. व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये राजगुरूचा डोळा टेलिफोटो लेन्सनं पडदाभर दाखवला. चंद्रमोहनचा तो डोळा आजही अंगावर येतो. एवढा मोठा क्लोजअप हा ठेवणीतला दागिना समजा. पहिल्या दोन मिनिटांत तो एकदाच, आणि खरोखर गरज असेल तरच.

चौकटीत किती ठेवायचं आणि बाहेर किती

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देतो, तुम्हीही द्या. थ्रिलरमध्ये चौकटीबाहेरची जागा चौकटीइतकीच कामाची असते.

नर्स ओट्याशी उभी आहे, चहाचं आधण ठेवलंय. नेहमीच्या शूटमध्ये ती जिकडे बघतेय तिकडे जागा मोकळी सोडतात. आपण उलटं करू. तिला चौकटीच्या उजव्या कडेला, कडेकडेच बघताना ठेवू आणि तिच्या पाठीमागची डावी दोन तृतीयांश चौकट रिकामी सोडू. तिथे स्वयंपाकघराचं दार आणि पलीकडे अंधारा पॅसेज. तिथे काहीही घडवू नका. सावली सरकवू नका, पडदा हलवू नका. रिकामी चौकट बघून प्रेक्षक स्वतःच तिच्यात माणूस शोधू लागतो. काहीतरी हलवलंत की त्याचा शोध संपतो, आणि त्याच्याबरोबर ताणही.

दाराच्या चौकटींचा उपयोग करा. पॅसेजच्या टोकाला कॅमेरा ठेवून स्वयंपाकघरात बघितलं तर दाराच्या दोन्ही बाजूंना काळ्या भिंती आणि मधल्या उजळ पट्ट्यात ती पाठमोरी. हा शॉट कोणाच्या नजरेतला? ट्रायपॉडवर घट्ट बसवलात तर कोणाच्याच नाही. तोच शॉट हातात धरून, श्वासाबरोबर किंचित वरखाली होऊ दिलात तर तिथे कोणीतरी उभं आहे. जागा, लेन्स, उजेड सगळं तेच, फक्त श्वास वाढला. आधी ट्रायपॉडवरचा शॉट दाखवायचा आणि थोड्या वेळानं तोच शॉट हातातला, अर्धा फूट पुढून. प्रेक्षकाला नेमकं काय बदललं ते सांगता येणार नाही. पण पोटात गोळा येईल.

मात्र श्वास दाखवलात की तिथे माणूस असल्याचा शब्द दिलात. नंतर ‘काही नाही, मांजर होतं’ असं करू नका. भांडं पाडणाऱ्या मांजरानं आजवर किती चांगल्या सुरुवाती वाया घालवल्यात! प्रेक्षक एकदा फसला की पुढे तुमच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवत नाही, आणि विश्वास नसेल तर हा सगळा हिशोब कोसळतो.

वाकडी चौकट फार जणांना आवडते. मला ती या प्रसंगात नको वाटते. घर सरळ, नीटनेटकं, रोजचं दिसू द्या. त्या नीटनेटकेपणातच तो जास्तीचा जोड खुपला पाहिजे.

हालचाल

गिंबल (चालतानाही कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आल्यापासून कॅमेरा पात्राच्या मागे मागे सगळीकडे फिरतो. बघायला गुळगुळीत दिसतं, पण जो कॅमेरा कायम बरोबर असतो त्याला स्वतःचं काही माहीत नसतं. तिसरा रकाना कोरा राहतो. म्हणून नियम करा: या सुरुवातीत कॅमेरा एकदाच हलेल.

ती जागा म्हणजे ओट्याजवळचा शॉट. नर्स उभी आहे, दूध ओतते, आलं किसते. कॅमेरा स्लायडरवर (कॅमेरा सरकवायच्या छोट्या रुळावर) पुढे सरकतो, पंचवीस सेकंदांत दोन फूट. हा वेग इतका कमी आहे की पहिले सात-आठ सेकंद हालचाल लक्षातच येत नाही. मग रिकामी बाजू कमी झाल्यासारखी वाटते, खोली आवळल्यासारखी वाटते. स्लायडर नसेल तर गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा, तिच्यावर पाट, पाटावर ट्रायपॉड, आणि दोघांनी सतरंजीची टोकं धरून ओढा. फरशीवर दर तीन इंचांना पेन्सिलची खूण करा आणि एकानं हळू आवाजात सेकंद मोजा. आठ-दहा टेक लागतात. हात बसला की ट्रॉलीइतकं सुबक येतं.

झूम आणि ट्रॉली यांत घोळ करू नका. झूमनं चित्र मोठं होतं, खोलीतल्या वस्तूंचं एकमेकांतलं अंतर बदलत नाही. कॅमेरा स्वतः पुढे गेला की जवळच्या वस्तू बाजूला सरकतात आणि आपण खोलीत पाऊल टाकल्यासारखं वाटतं. आपल्याला पाऊलच हवंय.

कॅमेरा वळवायचाच झाला तर सावकाश. सेकंदाला २४ फ्रेम्सवर (चित्रांवर) एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागले पाहिजेत. त्याहून घाई केली की चित्र थरथरतं. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं किंवा मोबाइलचं स्टॅबिलायझेशन (हलणं आपोआप सावरणारी सोय) बंद करा. नाहीतर शॉट संपताना चौकट आपोआप थोडी घसरते.

उजेड, शटर आणि आवाज

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. घरातल्या ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली शटर (एकेक चित्र टिपायचा वेळ) चुकलं तर चित्रात पट्टे फिरतात किंवा उजेड धडधडतो. २४ किंवा २५ फ्रेम्सवर शटर १/५० सेकंद ठेवा. मोबाइल ३० फ्रेम्सवर अडकला असेल तर १/६० घेऊ नका, १/५० किंवा १/१०० घ्या. आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. नर्स दिवा लावते तेव्हा चौकट लख्ख उजळली पाहिजे; ऑटोवर असेल तर मोबाइल लगेच उजेड खाली ओढतो आणि त्या क्षणाची सगळी मजा जाते.

दारात पांढरी ट्यूब, स्वयंपाकघरात पिवळा बल्ब, मधला पॅसेज अंधारात. अंधार म्हणजे पूर्ण काळोख नको, तिथे नुसते चित्राचे दाणे दिसतात. बेडरूममध्ये एक छोटा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवा, त्याचा परतलेला उजेड पॅसेजच्या कडांना पुरतो.

पाण्याचं मात्र नीट ऐका. पाणी चमकलं तरच दिसतं. त्यासाठी उजेड पाण्याच्या पलीकडून, कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूनं आणि खालून यायला हवा. कॅमेऱ्यामागून कितीही दिवे टाका, फरशी कोरडीच दिसणार. जिन्यातला दिवा दाराखालच्या फटीतून येतोय असं दाखवून एक छोटा एलईडी तिथे ठेवला की थारोळ्याची कड रुपेरी दिसते.

आवाजाचं शूटच्या दिवशीच ठरवा. ‘टच ऑफ ईव्हिल’चीच गोष्ट घ्या. १९५८ साली त्या शॉटवर स्टुडिओनं श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं. वेल्सनं स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारानं १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्चनं चित्रपटाचं नवं संकलन केलं, त्यात नावं काढली आणि रस्त्यावरच्या क्लबांतून, गाडीच्या रेडिओतून येणारं संगीत वापरलं. त्यामुळे गाडी दिसत नसली तरी ती कुठे असेल याकडे कान लागतात. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ बघा. आपल्याकडे वळचणीचं पाणी, फ्रिजची घरघर, आधणाचा आवाज आहे. ते वेगवेगळे, प्रत्येकी मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. संगीताचा विचार त्यानंतर करा, आणि गरज पडली नाही तर करूच नका.

शॉट डिव्हिजन

पहिला शॉट कुलूप, जवळून. ओला हात, किल्ली, कडी. सहा सेकंद. कुलूप बाहेरून होतं हे इथे ठसलं नाही तर पुढचं सगळं फुकट.

दुसरा शॉट आतून, जमिनीलगत, २४ मिमी. अंधार, कडीचा आवाज, दार उघडतं, दिवा, छत्री, चपला, ती उजवीकडे निघून जाते. कट नाही. तिच्या पावलांचा आवाज लांब जातो, कॅमेरा तिथेच. एकूण चौतीस सेकंद, त्यातले शेवटचे सात फक्त चपलांचे. चौकटीच्या मधोमध त्या ठेवू नका, डावीकडे खाली कोपऱ्याशी ठेवा, म्हणजे ती असेपर्यंत नजर तिच्यावर राहील.

तिसरा पॅसेजच्या टोकावरून, ५० मिमी, ट्रायपॉडवर, वीस सेकंद. चौथा तिचा, मागे रिकामी जागा, सरकणारा कॅमेरा, पंचवीस सेकंद. पाचवा म्हणजे तिसराच, पण हातातला आणि अर्धा फूट पुढून, बारा सेकंद. शेवटी ती क्षणभर थांबते, वळत नाही, गॅस बारीक करते.

सहावा शॉट म्हणजे दुसऱ्या शॉटची तीच चौकट, तीच लेन्स, तीच उंची. चपला नाहीत. फरशीवर पाणी आहे आणि पाण्यात दोन तळव्यांच्या आकाराच्या कोरड्या जागा. पाच सेकंद, आणि काळा पडदा.

इथे हिशोबाचा कागद पुन्हा काढा. आतापर्यंत कॅमेऱ्याला सगळं माहीत होतं. सहाव्या शॉटला कळतं की आपण स्वयंपाकघरात बघत बसलो तेवढ्यात दारात काहीतरी घडलं आणि ते त्याच्याही नजरेतून सुटलं. ज्याच्या भरवशावर प्रेक्षक बसला होता तो कॅमेराच चुकीच्या जागी होता. माणूस घराबाहेर गेला की चपला घालून घरातच फिरतोय, हे आता कोणालाच ठाऊक नाही. ही सुरुवात मी या एका बदलासाठी बांधली.

कच्चं शूट

आठवडाभर आधी, दिवसा, कुणाही मैत्रिणीला उभं करून मोबाइलवर सहाही शॉट घ्या आणि जोडा. आवाज पूर्ण बंद करून अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही. त्याच्या शेजारी बसू नका, समोर बसा आणि त्याचे डोळे बघा. दुसऱ्या शॉटच्या शेवटी नजर खाली कोपऱ्यात गेली का? चौथ्या शॉटमध्ये तो तिच्याकडे बघतोय की तिच्या मागे? ‘कसं वाटलं’ विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. ‘घरात किती माणसं आहेत’ एवढंच विचारा. उत्तर ‘एक’ आलं तर चपलांचा शॉट लांबवा किंवा चपला बदला. फिक्या फरशीवर गडद रबरी चपला उठून दिसतात. लाल किंवा तपकिरी फरशी असेल तर उलट. कोल्हापुरी घेऊ नका, चामडं पाणी पितं आणि दोन टेकमध्ये रंग बदलतो.

शूटची रात्र

शूट क्रमानं करू नका. अंधार पडला की आधी दुसरा आणि सहावा शॉट उरका, कारण दोन्हींना चौकट तंतोतंत एकच लागते. कॅमेऱ्याच्या चारही बाजूंना फरशीवर चिकटपट्टी लावा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि सहावा शॉट होईपर्यंत कोणालाही कॅमेऱ्याला हात लावू देऊ नका. बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड रिकामं. बदलायला लागलं की चौकट गेलीच म्हणून समजा.

नुसतं पाणी पंख्याखाली दहा मिनिटांत आक्रसतं. त्यात थोडं ग्लिसरीन मिसळा, औषधाच्या दुकानात मिळतं. पाणी जड होतं, लवकर वाळत नाही आणि उजेड जास्त धरतो. चपला आधी फरशीवर घट्ट टेकवा, मग ड्रॉपरनं त्यांच्याभोवती पाणी सोडा. आधी पाणी आणि वर चपला असं केलंत तर तळव्यांचे आकार उमटणार नाहीत.

दुसरा शॉट मनासारखा झाला की नर्सला आतच थांबवा, कोणी पॅसेजमधून ये-जा करू नका, रेकॉर्डिंग चालूच ठेवा. एकानं कॅमेऱ्याच्या मागून हात लांबवून दोन्ही चपला एकाच वेळी, सरळ वर उचलायच्या. जराही ओढल्या तर पाण्याची कड मोडते आणि पुन्हा पुसून पहिल्यापासून मांडावं लागतं. हात चौकटीबाहेर गेला की पंधरा सेकंद कोणी श्वासही मोठ्यानं घ्यायचा नाही. त्या पंधरातले पाच तुम्हाला मिळतील.